सात हजार किलोमीटरचा उपास

१

मंगळवारी दुपारी तात्यासोंनी भर गल्लीत मला चोर म्हणलं.

मी आकाराम. तात्यासोंच्या गाडीवर अठरा वर्षं ड्रायव्हर हाय. तात्यासो म्हणजे शाहूपुरीतले जुने गुळाचे व्यापारी, जैन माणूस, मुंगीलासुद्धा वळसा घालून जाणारा. असला माणूस दारात उभा राहून ओरडायला लागला, तवा गल्लीतली चार दारं उघडली की वो पावणं!

झालतं काय, तर पासपोर्ट गेले होते. तात्यासोंचा अन् अरुणाकाकींचा, दोन्ही एकाच निळ्या पाकिटात. सोमवारी संध्याकाळी तात्यासोंनी सवताच्या हातानं ते कपाटात ठेवले. मंगळवारी दुपारी झेरॉक्स काढायला कपाट उघडलं तर पाकीट गायब. दाराचं कुलूप शाबूत, कपाट शाबूत, दागिन्याला कुणी हात लावलेला न्हाय. अन् गुरुवारी दोघांचं लंडनचं विमान! एकुलता एक पोरगा सम्मेद तिकडं नोकरीला, त्याच्याकडं सहा महिने राहायला निघाले होते.

"घराची जादा किल्ली तुझ्याकडं," तात्यासो म्हणाले. "मी गेलो की गाडी विकणार, गाडी गेली की तुझी नोकरी गेली. म्हणून आमचं जाणंच अडवलंस व्हय रं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या गल्लीतली निम्मी माणसं गावाला जाताना घर माझ्यावर टाकून जात होती. नाव सोडलं तर माझ्यापाशी दुसरं हायच काय? खिशातली किल्ली काढली अन् पायरीवर आपटली.

"चोर म्हणलासा न्हवं? मग माझं नाव धुऊन निघाल्याशिवाय ह्या उंबऱ्यावर पाय ठेवला, तर बापाचं नाव सांगणार न्हाय!"

"उद्या दुपारपर्यंत पाकीट दिसलं न्हाय," तात्यासो पायरीवरनं ओरडले, "तर पोलिसात तुझं नाव देणार मी."

२

माझं गाव गडमुडशिंगी. विमानतळाच्या कुशीतलं. आमच्या डोक्यावरनं रोज विमान जातं, म्हशी मान वर करून बघत्यात अन् परत वैरणीला लागत्यात.

त्यातल्या चार म्हशी संयोगिताताईंच्या. ताई पोलीस खात्यातनं फौजदार म्हणून निवृत्त झाल्या अन् गोठा घातला. गावात कुणाची कोंबडी हरवली तरी लोक आधी ताईंकडं जात्यात, मग कोंबडी हुडकत्यात. मी गेलो तवा ताई धारा काढत बसल्या होत्या. मी एका दमात सगळं ओकलो. बोलता बोलता डोळ्यांतनं पाणी आलं. ताईंनी चरवी बाजूला ठेवली.

"ताई, तुमी विचारलं न्हाईसा, मी घेतलं का म्हणून."

"घेतलं असतंस तर किल्ली आपटली नसतीस, जपून ठेवली असतीस," ताई म्हणाल्या. "नाक पूस आधी. सोमवारपासनं घरात कोण कोण होतं, ते सांग."

मी सांगितलं. तात्यासो, अरुणाकाकी, स्वैपाकाच्या बायडाबाई अन् मी. सम्मेद सुट्टीला आलता, मावसबहिणीच्या लग्नाला, पण तो सोमवारी सकाळीच परत गेला. मीच विमानतळावर सोडला. इथनं मुंबई, अन् मुंबईतनं दुपारचं लंडनचं विमान. "मी म्होरं जाऊन घर आवरतो," म्हणाला होता.

"म्हणजे पाकीट कपाटात गेलं तवा पोरगं आभाळात."

"व्हय. त्याचा प्रश्नच न्हाय."

"प्रश्न कुणाचा हाय अन् कुणाचा न्हाय, ते मी बघतो," ताई म्हणाल्या अन् पदराला हात पुसले. "माझी जीप काढ. तात्यासोंकडं चहाला जाऊया."

३

मी शब्द दिलता. उंबऱ्याच्या आत पाय न्हाय म्हणजे न्हाय. ताई आत गेल्या अन् मी बाहेर, खिडकीखालच्या कट्ट्यावर बसलो. कान मात्र आत होते.

आधी बायडाबाई आल्या. रागानं भांडी आदळतच होत्या. "मी सकाळी नऊला येतो, दिवस मावळायच्या आत ह्यांची जेवणं उरकून जातो. मला किल्ली दिलेलीच न्हाय कुणी. आन खरं सांगू काय ताई? आकारामनं घेतलं असंल तर मी मिशी लावीन! काकींनाच विचारा. चार दिस झालं, जायचं नाव काढलं की डोळं पुसत्यात."

झालं! काकींनी मला कधी उपाशी जाऊ दिलं न्हाय. माझ्यापायी काकींवर आळ यायला लागला तर चुलीत गेलं ते नाव.

मग तात्यासो. रागात होते, पण लंडनचा विषय निघाला की माणसाचा आवाजच बदलायचा. महिनाभर गल्लीतल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं ते त्यांनी ताईंनाही ऐकवलं.

"सात हजार दोनशे किलोमीटर, ताई! एका दमात! दुपारी एकला मुंबईतनं उडालं की साडेनऊ तासांत लंडन. अन् गंमत बघा, तिथं तवा संध्याकाळचे सहाच वाजलेले. आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढं. सम्मेद दरवेळी स्वस्तातलं रात्रीचं विमान धरायचा, पण काल ह्याच विमानानं गेला, आमचं बी तेच. तिकिटं मीच काढली, त्याला न सांगता. त्याच्या हातात ठेवली तर पोरगं आनंदानं गपगार झालं. बोलंनाच!"

"सकाळी घर मोकळं कवा असतं?"

"सातला आम्ही दोघं मंदिरात जातो, आठपर्यंत येतो. ते आकारामला ठाऊक हाय की!"

मी कट्ट्यावर दात खाल्ले.

शेवटी अरुणाकाकी आल्या. रडून आवाज बसला होता. "मला जायचं न्हवतं, ते खरं. तिथं करायचं काय मी? ना ओळख, ना देऊळ. पण ताई, देवासमोर सांगते, मी न्हाय लपवलं. पोराला बघायला मिळणार म्हणून गप्प बसले होते."

"पोराचा फोन आलता?"

"आज साडेदहाला व्हिडिओ केला. सुखरूप पोचला म्हणाला. पण माझं लेकरू सगळा प्रवास उपाशी!" काकींच्या रडण्यात एकदम अभिमान मिसळला. "मी विचारलं, विमानात जेवलास काय? तर म्हणाला, आई, जेवण आणलं तवा साडेसात वाजले होते, दिवस बुडाला होता. खिडकीतनं बघितला म्हणे, लाल गोळा ढगात खाली गेला. हात जोडले, पाणी पिऊन झोपला. इतकी वर्षं परदेशात राहिला, पण रात्री तोंडात घास घातला न्हाय बघा!"

"साडेसात कुठल्या घड्याळात?"

"आपल्याच. उतरल्यावर बदलतो म्हणाला."

"अन् घर कसंय त्याचं? दाखवलं?"

"कुठलं! मागं नुसती पांढरी भिंत. अन् सारखी ठक-ठक, ठक-ठक. शेजारी बांधकाम काढलंय म्हणाला, धड ऐकू येईना. तवा पासपोर्टचं आम्हालाच ठाऊक न्हवतं. आता हे म्हणतात, पोराला सांगू नको, तिकडं एकटा काळजी करत बसंल."

ताई बाहेर आल्या. चेहरा असा, जसा एखाद्या म्हशीनं ठरल्यापेक्षा जास्त दूध दिलंय. जीपमध्ये बसल्या अन् म्हणाल्या, "आकाराम, सोमवारी त्या विमानातली एक खुर्ची मोकळी गेली."

४

मी जीप रस्त्याच्या कडेला उभीच केली. असलं काय ऐकून कोण गाडी चालवंल?

"माझी प्रियदर्शनी लंडनलाच असते," ताई म्हणाल्या. "तिच्या बाळंतपणाला मी गेलतो. असाच मे महिना, हेच दुपारचं विमान. आकाराम, जे ऊन मुंबईत माझ्या मांडीवर पडलं, ते लंडन येईस्तोवर उठलंच न्हाय! सूर्य चाललाय मावळतीकडं, अन् विमान बी त्याच्या मागोमाग मावळतीकडं. आपल्या घड्याळात रात्रीचे नऊ वाजले, लोकांनी खिडकीचे पडदे ओढले, अन् बाहेर बघितलं तर टळटळीत उजेड. उतरलो तरी दिवस चांगला कासराभर वर. तिथं मे महिन्यात नवाच्या सुमाराला मावळतो."

मी डोकं खाजवलं. "मग त्यानं पडदा लावला असंल, अन् घड्याळ बघून उपास धरला असंल. भाबडं पोरगं हाय."

"तसं म्हणाला असता तर मी गप्प बसलो असतो. पण तो म्हणाला, मावळताना बघितला. लाल गोळा, ढग, हात जोडले, सगळं. जो दिवस मावळलाच न्हाय, तो ह्याला मावळताना दिसला कसा?"

मी इंजिन बंद केलं.

"आई पहिलं काय विचारणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जेवलास काय, अन् दिवस असताना जेवलास काय. म्हणून उत्तर आधीच रचून ठेवलं. साडेसातला आपल्याकडं अंधार पडतो, म्हणजे तिथं बी पडला असणार, असा हिशेब केला. घाईघाईत कोल्हापूरचा सूर्य नेऊन लंडनच्या विमानाला लावला त्यानं. जैन दिवस बुडल्यावर जेवत न्हाईत; दुसऱ्या कुणाच्या पोराला ही थाप मारायची गरजच पडली नसती."

"पण ताई, पोरगं ह्याआधी लंडनला जाऊन आलंय की! त्याला हे ठाऊक नसंल काय?"

"तात्यासो म्हणालेच की, दरवेळी स्वस्तातलं रात्रीचं विमान धरायचा. दुपारच्या विमानात कधी बसलाच न्हाय तो. आता दुसरं ऐक. फोन आला साडेदहाला. तिथं किती वाजले असतील?"

मी साडेचार तास वजा केले. "सकाळचे सहा."

"सकाळी सहाला लंडनात कोण बांधकाम काढतंय? शेजारी पोलीस बोलावतील. मग ठक-ठक कसली? सम्मेदचा इकडं जिवाभावाचा दोस्त कोण?"

"राजवीर. शाळेपासनंचा. आजऱ्याला काजूचा..." अन् मी कपाळावर हात मारला. राजवीरच्या शेडमध्ये मी दोनदा गेलतो. तिथं बायका ओळीनं बसून हाताच्या यंत्रावर काजूबिया फोडत असत्यात. दिवसभर नुसती ठक-ठक, ठक-ठक!

"पण का ताई? सवताच्या आईबापाचे पासपोर्ट पोरगं का चोरंल?"

"ते मला बी न्हाय ठाऊक," ताई म्हणाल्या. "धारांची वेळ झाली. उद्या पहाटे आजऱ्याला निघू. अन् हे बघ, तिथं गेल्यावर हात उचलायचा न्हाय."

५

मी हात उचलला की!

शेडच्या मागच्या खोलीचं दार ढकललं. आत सम्मेद खाटेवर बसलेला, दाढी वाढलेली, पलीकडं बायकांची ठक-ठक चाललेली. त्याला जिता समोर बघितला अन् माझं डोकंच फिरलं. माझा हात हवेत गेला, अन् पोरगं "आकाराममामा!" म्हणून मलाच मिठी मारून ढसाढसा रडायला लागलं. आता मारणार कुठं?

ताईंनी त्याला पाणी दिलं. मग पोरगं बोललं.

जानेवारीत त्याची कंपनी बंद पडली होती. नवं काम मिळंना. तिथलं घर सोडलं, दोस्ताच्या खोलीत दिवस काढले, अन् शेवटी लग्नाचं निमित्त करून कायमचाच परत आला. घरी सांगायचं म्हणून रोज तोंड उघडायचा, अन् तात्यासो गल्लीत कुणाला तरी सात हजार दोनशे किलोमीटर सांगत असायचे.

"तिकिटं हातात ठेवली त्यांनी," सम्मेद म्हणाला. "पेढे वाटले. त्यांना कसं सांगू, की जिथं यायला निघालाय तिथं माझं काहीच उरलेलं न्हाय? सोमवारी तुम्ही मला सोडलं. तुमची गाडी गेल्यावर मी बाहेर आलो, राजवीरच्या कोल्हापुरातल्या खोलीवर थांबलो. काल सकाळी आई-तात्या मंदिरात गेल्यावर माझ्या किल्लीनं आत गेलो, पाकीट उचललं अन् थेट इथं आलो. म्हटलं, गुरुवार तरी टळंल. तोवर धीर गोळा करून सांगीन."

निळं पाकीट उशाशीच होतं.

"अन् चोर कोण ठरलं, ते ठाऊक हाय?" ताईंनी विचारलं.

त्याला खरंच ठाऊक न्हवतं. ताईंनी माझ्याकडं बोट केलं. पोराचा चेहरा उतरला. पायात चप्पल सरकवली, पाकीट उचललं अन् जीपमध्ये जाऊन बसला. तात्या काय म्हणतील, आई काय म्हणंल, कायसुदिक न्हाय. त्या पोरावरचा माझा निम्मा राग तिथंच गेला. उरलेला निम्मा वाटेत कागल येईस्तोवर टिकला.

घराच्या दारात जीप लागली तवा बारा वाजायला आले होते, अन् तात्यासो टोपी घालून पायरी उतरत होते. पोलीस ठाण्याला निघाले होते.

६

मी आत गेलो न्हाय. पुन्हा त्याच कट्ट्यावर बसलो. आत सम्मेदचा आवाज येत होता, हळू, थांबत थांबत. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला तर भ्याच वाटलं. तात्यासोंचं वय झालंय, माणसाला काय झालं तर?

मग तात्यासो बोलले. "जानेवारीपासनं एकटाच सोसत होतास?"

"तात्या, तुमचं नाव—"

"आरं नाव घालतो का चुलीत! तुझ्या दोस्ताच्या खोलीत तुला जेवायला तरी मिळत होतं काय रं?"

अन् मग म्हातारा रडला. अरुणाकाकी मात्र रडता रडता हसत होत्या. "देवा, तुझे लई उपकार," हेच एक चाललेलं. "माझं लेकरू घरी आलं. मला त्या लांबच्या गावाला जायला नको, अन् लेकरूही इथंच. लई उपकार, देवा!" बायडाबाईंनी आतनं विचारलं, "मग आता चार पानं वाढू काय पाच?" आई झाली, बाप झाला, पोरगा झाला, ताई झाल्या. पाचवं पान माझं.

"त्याचं पान मी वाढणार," तात्यासो म्हणाले. "पण आधी दुसरं काम हाय."

ते बाहेर आले, अनवाणी. माझ्यापुढं उभे राहिले अन् हात जोडले. अठरा वर्षं ज्या माणसाला मी नमस्कार केला, तो मला हात जोडतोय! मी त्यांचे हात धरले. "तात्यासो, असं करू नगासा. पाप लागंल मला."

"पाप माझं हाय. भर गल्लीत तुला चोर म्हणलो. गल्लीतच फेडलं पाहिजे." अन् माझं मनगट धरून ओढत निघाले की शेजारच्या दाराकडं! ताई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या, हसू दाबत.

पहिलं दार गणपतरावांचं. तात्यासोंनी कडी वाजवली. "गणपतराव, हा आकाराम चोर न्हाय. काल मी म्हणलो ते चूक. माझ्याच घरात गोंधळ होता, अन् पोराला तो गोंधळ घालायला मीच भाग पाडलं."

गणपतराव झोपेतनं उठून आलते. "आकाराम चोर? कोण म्हणलं? आम्हाला तर कायच ठाऊक न्हाय!"

मी हळूच म्हणलं, "तात्यासो, ज्यास्नी ठाऊक न्हाय त्यास्नी कशाला सांगतासा? ज्यांनी ऐकलं तेवढ्या चार दारांना सांगूया की."

"मला काय ठाऊक कुणी ऐकलं? मी काल कुणाकडं बघितलं होतं? गप चल."

दुसऱ्या दारात बाईंनी आम्हाला पाणी दिलं. तिसऱ्या दारातल्या आक्का म्हणाल्या, "मी ऐकलतं. पण मी कडी लावून घेतली. म्हणलं, तात्यासोंचं डोकं फिरलंय, आकारामचं न्हाय फिरायचं." ते ऐकलं अन् माझा धीर सुटला. मी तिथंच पायरीवर बसून रडलो. तात्यासो उन्हात अनवाणी उभे, पाय भाजत असतील, पण माझं रडं संपेस्तोवर हलले न्हाईत.

मागं वळून बघितलं तर ताईंची जीप निघाली होती. मी धावत गेलो. म्हणलं, ताई, तुमचे उपकार मी कुठं फेडू? त्या म्हणाल्या, "उपकार कसले? येताना म्हशीला दोन पेंढ्या आण." अन् गेल्या. पेंढ्या मी त्या दिवसापासनं दर आठवड्याला टाकतो. त्या नको म्हणत्यात, म्हशी न्हाय म्हणत.

पण तवा तात्यासोंनी पुन्हा माझं मनगट धरलं. अजून अर्धी गल्ली राहिली होती. अठरा वर्षं मी त्या माणसाला कोल्हापूरभर फिरवला, पावणं. त्या दुपारी तो मला दारोदार फिरवत होता, अन् प्रत्येक दारात आधी माझं नाव घेत होता, मग सवताचं.